शब्द पाठ, पण उतारा कळत नाही

इंग्रजीच्या पाठ्यपुस्तकात धडा संपला की खाली चौकट येते. चौकटीत आठ-दहा कठीण शब्द, समोर त्यांचे अर्थ. मुलं ते वहीत उतरवतात, पाठ करतात, चाचणीत तेच शब्द येतात, गुणही मिळतात. पुढे कधीतरी न वाचलेला उतारा समोर येतो आणि तेच मूल अडून बसतं. मग घरी आणि शाळेत एकच निदान होतं: शब्दसंग्रह कमी आहे, अजून शब्द पाठ कर. शब्दसंग्रह कमी आहे हे खरंच आहे. पण त्यावरचा हा उपाय साफ चुकतो, आणि त्यापायी मुलांची वर्षंच्या वर्षं वाया जातात. माझं म्हणणं असं आहे की ज्या शब्दांवाचून उतारा खरोखर अडतो ते त्या चौकटीत बहुधा नसतातच. जे असतात ते इतक्या घाईत उरकले जातात की वाचताना हाताशी येत नाहीत.

१९८६ साली फिलिप गफ आणि विल्यम टनमर या अभ्यासकांनी वाचनाचं एक सोपं समीकरण मांडलं. छापील अक्षरांवरून शब्द ओळखता येणं आणि भाषा समजणं, या दोहोंचा गुणाकार म्हणजे वाचनाचं आकलन. त्यांनी बेरीज न धरता गुणाकार धरला, यातच सगळं आलं. एक बाजू शून्य असेल तर दुसरी कितीही मोठी असो, उत्तर शून्यच. परकी भाषा म्हणून इंग्रजी शिकणाऱ्या मुलांच्या बाबतीत पहिली बाजू फसवी ठरते. मूल खणखणीत आवाजात, न अडखळता पान वाचून दाखवतं आणि ऐकणाऱ्याला वाटतं, याला येतंय. स्वतःच्या भाषेत वाचणाऱ्या मुलाने शब्द उच्चारला की तो बहुतेकदा आधी कानावरून गेलेला असतो, त्यामुळे अर्थ आपोआप जागा होतो. परक्या भाषेत उच्चार बिनचूक झाला तरी आत जागं व्हायला काही नसतं.

किती शब्द अनोळखी असले की वाचन कोलमडतं, हेही तपासून पाहिलं गेलं आहे. पॉल नेशन आणि त्यांच्या सहकारी हू यांनी २००० साली एका प्रयोगात गोष्टीतले काही शब्द काढून त्यांच्या जागी निरर्थक शब्द घातले आणि ती इंग्रजी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना वाचायला दिली. शंभरातले ८० शब्द ओळखीचे असताना एकालाही गोष्ट पुरेशी कळली नाही. ९० ओळखीचे असताना मोजक्यांनाच कळली. कुणाच्या मदतीविना आरामात वाचायचं तर सुमारे ९८ टक्के शब्द माहीत असावे लागतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. तीनशे शब्दांच्या पानाचा हिशोब करून पाहा. ९८ टक्के म्हणजे सहा अनोळखी शब्द, ९० टक्के म्हणजे तीस. परीक्षेत ९० टक्के मिळाले की पेढे वाटतात. वाचनात ९० टक्क्यांवर बहुतेकांच्या हातून मजकूर निसटलेला असतो.

नेशन यांनीच २००६ साली दुसरा हिशोब मांडला. वर्तमानपत्र किंवा कादंबरी ९८ टक्क्यांच्या पातळीवर वाचायला आठ ते नऊ हजार शब्दकुटुंबं लागतात. शब्दकुटुंब म्हणजे मूळ शब्द आणि त्याची रूपं मिळून एक. एवढा आकडा ऐकला की पालकांचे हात आपोआप शब्दकोशाकडे वळतात: रोज दहा शब्द, वर्षाला साडेतीन हजार, तीन वर्षांत काम फत्ते. हिशोब कागदावर बरोबर आहे आणि वर्गात तो कधीच खरा ठरत नाही. कारण सगळे शब्द सारख्या कामाचे नसतात.

हे फार आधी ओळखलं ते मायकेल वेस्ट या इंग्रज शिक्षकाने. १९२० च्या दशकात ते ढाक्यात शिक्षक-प्रशिक्षणाचं काम करत होते. मुलांना इंग्रजी वाचता यावं हाच त्यांचा ध्यास होता. त्या काळची पुस्तकं मुलांवर एकदम भरमसाट नवे शब्द लादायची आणि ते पुन्हा भेटायचेही नाहीत. वेस्ट यांनी नवे शब्द विरळ पेरून, ते पुनःपुन्हा येतील अशी वाचनपुस्तकं तयार केली. त्यांच्या नावाने ओळखली जाणारी, नेहमी लागणाऱ्या सुमारे दोन हजार शब्दांची यादी १९५३ साली प्रसिद्ध झाली. पुढे २००० साली अॅव्हरिल कॉक्सहेड यांनी उच्च शिक्षणातला मजकूर चाळून ५७० शब्दकुटुंबांची वेगळी यादी केली. वेस्ट यांच्या यादीत नसलेले, पण विषय कोणताही असो, जाडजूड पुस्तकांत हटकून येणारे असे ते शब्द. त्यांनी तपासलेल्या मजकुरात वेस्ट यांचे दोन हजार आणि हे ५७० मिळून सुमारे ८६ टक्के जागा व्यापतात. उरलेल्या १४ टक्क्यांत हजारो शब्द आहेत, आणि त्यातला एकेक शब्द पुन्हा कधी भेटेल याची खात्री नाही.

आता चौकटीकडे पुन्हा पाहा. तिथे कोणते शब्द निवडले जातात? एखाद्या जहाजाच्या भागाचं नाव, किल्ल्याच्या बुरुजाचं नाव, एका जातीच्या हरणाचं नाव. दिसायला अवघड, लांबलचक, शिकवताना शिकवल्यासारखं वाटणारे. धड्यातल्या त्या एका वाक्यापलीकडे मुलाला ते वर्षभर भेटत नाहीत. इझाबेल बेक, मार्गारेट मॅकियन आणि लिंडा कुकन यांनी शब्दांचे तीन थर कल्पिले आहेत. पहिल्या थरात रोजच्या बोलण्यातले शब्द, तिसऱ्यात विशिष्ट विषयाचे किंवा क्वचित लागणारे, आणि मधल्या थरात असे की जे विज्ञानात येतात, इतिहासात येतात, बातमीत येतात आणि गोष्टीतही येतात. 'रिमेन', 'अफेक्ट', 'रिक्वायर', 'अझ्यूम', 'टेन्ड', 'इन्व्हॉल्व्ह' असे. आपल्याकडून दुर्लक्ष होतं ते या मधल्या थराचं. शिक्षकाला ते सोपे वाटतात, मुलाला ते ओझरते माहीत असतात, आणि उतारा तिथेच निसटतो.

एक दोन वाक्यांचा नमुना घेऊ. 'ऑल्दो द सप्लाय रिमेन्ड कॉन्स्टंट, डिमांड रोझ शार्पली. द कमिटी देअरफोर इश्यूड न्यू रूल्स, विच फ्यू ऑब्झर्व्हड.' पुरवठा होता तेवढाच असताना मागणी मात्र झपाट्याने वाढली. म्हणून समितीने नवे नियम काढले, पण ते फारसे कुणी पाळले नाहीत. इतका साधा मजकूर आहे. यात असा एकही शब्द नाही की जो चार-पाच वर्षं इंग्रजी शिकलेल्या मुलाने कधीच पाहिलेला नाही. तरीही अर्थ विचारला तर काय येतं? 'रोझ' म्हणजे गुलाब, 'शार्प' म्हणजे धारदार, 'इश्यू' म्हणजे समस्या, 'ऑब्झर्व्ह' म्हणजे निरीक्षण करणे, 'फ्यू' म्हणजे काही. या सगळ्या अर्थांची मोट बांधून मूल सांगतं की समितीपुढे नव्या नियमांची समस्या होती आणि काही लोकांनी निरीक्षण केलं. एकेका शब्दाचा अर्थ विचारला असता तर त्याला बहुतेक गुण मिळाले असते. वाक्याचा अर्थ मात्र उलटा झाला.

इथे काय काय घडलं ते नीट पाहायला हवं. 'रोझ' आणि 'इश्यू' या शब्दांचा मुलाला एकच अर्थ शिकवला होता, इथे दुसरा हवा होता. इंग्रजीत सर्रास येणारे शब्दच सर्वांत जास्त अर्थ वागवतात, त्यामुळे ही अडचण सोप्या शब्दांपाशीच दाट असते. गणिताच्या तासाला 'मीन', 'ऑड', 'प्रॉडक्ट', 'डिफरन्स' यांनी किती मुलांना चकवलं असेल! 'फ्यू' आणि 'अ फ्यू' यांत एका अक्षराचा फरक, पण एकात नकार आहे आणि दुसऱ्यात होकार. 'ऑल्दो' आणि 'देअरफोर' यांच्याकडे तर मुलाने पाहिलंच नाही. ही उभयान्वयी अव्ययं आणि त्यांची भावंडं, 'अनलेस', 'व्हेअरअॅज', 'हाउएव्हर', 'सिन्स', कुठल्याही चौकटीत येत नाहीत. व्याकरणाच्या तासाला त्यांनी दोन वाक्यं जोडायला लावतात आणि तिथेच विषय संपतो. लेखकाचा विचार कुठे वळला, कुठे उलटला, कशावरून काय निघालं हे तर हेच शब्द सांगतात. माझ्या मते माध्यमिक शाळेत पहिल्यांदा शिकवायचे शब्द कोणते असा प्रश्न असेल, तर उत्तर हेच आहे.

दुसरी अडचण अर्थ पाठ करण्याच्या पद्धतीची. जॉर्ज मिलर आणि पॅट्रिशिया गिल्डिया यांनी १९८७ साली मुलं शब्द कसे शिकतात यावर लिहिताना काही नमुने दिले होते. मुलांना शब्दकोशातून अर्थ पाहून वाक्य करायला सांगितलं होतं. 'इरोड' या शब्दापुढे 'ईट आउट' असा अर्थ होता, म्हणजे झिजवणं, पोखरणं. एका मुलाने लिहिलं, 'अवर फॅमिली इरोड्स अ लॉट', म्हणजे आमच्या घरचे बरेचदा बाहेर जेवतात! मुलाची यात काडीची चूक नाही. दिलेला अर्थ त्याने अगदी प्रामाणिकपणे वापरला. विशेष म्हणजे ही मुलं इंग्रजीतच वाढलेली होती. ज्यांना इंग्रजी अर्थही परका आणि शब्दही परका, त्यांच्याकडून एका ओळीच्या अर्थावर आपण काय अपेक्षा ठेवणार?

मग शब्द शिकवायचा म्हणजे काय करायचं? वरच्या वाक्यातला 'ऑब्झर्व्ह' घेऊ. आधी वाक्य वाचावं आणि इथे त्याचा अर्थ 'पाळणे' आहे हे मुलांना त्यांच्या भाषेत सरळ सांगून टाकावं. नंतर त्यांना ठाऊक असलेला 'निरीक्षण करणे' हा अर्थ शेजारी ठेवावा आणि विचारावं, या दोहोंत नातं काय? पक्ष्यावर लक्ष ठेवणं आणि नियमाकडे लक्ष देऊन तसं वागणं, दोन्हीकडे लक्ष आहेच, हे मुलं स्वतः शोधतात. मग प्रश्न टाकावा: चोर एखादं घर ऑब्झर्व्ह करतोय आणि कायदा ऑब्झर्व्ह करत नाहीये, दोन्ही एकाच वेळी होईल का? इथे वर्ग बोलू लागतो. त्यानंतर 'ऑब्झर्व्हेशन' कुठल्या अर्थाकडे जातो आणि 'ऑब्झर्व्हन्स' कुठल्या, हे फळ्यावर यावं. शेवटी मूळ वाक्याकडे परत जाऊन सगळा अर्थ एका दमात सांगायला लावावा. दहा मिनिटं लागतील. आठवड्यात असे दहा-बारा शब्द होतील, त्याहून जास्त होणार नाहीत. व्हायलाही नकोत.

यातली एक गोष्ट अनेक शाळांना रुचत नाही, ती म्हणजे मातृभाषेत अर्थ सांगणं. इंग्रजीच्या तासाला इंग्रजीशिवाय शब्द काढायचा नाही हा नियम प्रतिष्ठेचा झाला आहे. त्यामागचा हेतू मला कळतो. मुलांच्या कानावर इंग्रजी जास्तीत जास्त पडावं, प्रत्येक वाक्याचं भाषांतर करत बसायची सवय लागू नये. हेतू रास्त आहे. पण ज्या मुलाला 'जस्टिस' ही कल्पना स्वतःच्या भाषेत लख्ख माहीत आहे, त्याला ती अर्धवट समजणाऱ्या इंग्रजी वाक्यांतून नव्याने समजावण्यात काय मिळवलं? कल्पना आधीच आहे, तिला फक्त नवं नाव द्यायचं आहे. एका शब्दात होणारं काम तिथेच उरकावं आणि वाचलेला वेळ त्या शब्दाच्या वापरावर घालवावा. अमेरिकेत मारिया कार्लो आणि सहकाऱ्यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पाचवीतल्या स्पॅनिशभाषक मुलांना इंग्रजी उतारा शिकवण्याआधी तोच मजकूर स्पॅनिशमधून वाचायची सोय होती. मग आठवड्याला मोजकेच शब्द, तेही अनेक अंगांनी. या मुलांचं शब्दज्ञान वाढलं आणि वाचनाचं आकलनही सुधारलं. मातृभाषेने इंग्रजीची वाट अडवली नाही.

शब्दाशी एकदाच गाठ पडून भागत नाही, हे सगळेच मान्य करतात आणि वेळापत्रकात त्याला कुणीच जागा देत नाही. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांच्या २००६ सालच्या प्रयोगांनी दाखवून दिलं की मजकूर पुन्हा वाचण्यापेक्षा तो न पाहता आठवायचा प्रयत्न केला तर तो जास्त दिवस टिकतो. म्हणजे दोन दिवसांनी, आठवड्याने, महिन्याने तासाच्या सुरुवातीला पाच मिनिटं मागचे शब्द वही मिटून आठवायचे, एवढंच. यासाठी ना पैसा लागतो ना यंत्र. आणखी एक, लहानशी वाटली तरी वर्गात रोज त्रास देणारी गोष्ट: 'लेंड' आणि 'बॉरो', 'इम्पोर्ट' आणि 'एक्सपोर्ट' असे जोडीचे शब्द एकाच दिवशी नवे म्हणून शिकवू नयेत. एकाच गटातले शब्द एकत्र शिकवले की ते एकमेकांत मिसळतात असं १९९० च्या दशकातल्या प्रयोगांत दिसलं आहे. एक पक्का होऊ द्यावा, मग दुसरा आणावा.

इथे काहीजण म्हणतील, शब्द शिकवायचेच कशाला? भरपूर वाचू द्या, संदर्भावरून अर्थ आपोआप कळतील. आपण स्वतःच्या भाषेत असेच शब्द कमावलेले असतात, त्यामुळे हे म्हणणं लगेच पटतं. पण संदर्भावरून अर्थ लावायला आजूबाजूचे शब्द तरी कळावे लागतात, आणि या मुलांचं दुखणं नेमकं तिथेच आहे. शिवाय अंदाज चुकला तरी मुलाला ते कळत नाही. बातिया लाउफर यांनी परकी भाषा शिकणाऱ्यांच्या अशा चुका गोळा केल्या. 'शॉर्टकमिंग्ज', म्हणजे उणिवा, हा शब्द वाचून काहींनी 'शॉर्ट' आणि 'कमिंग' अशी फोड केली आणि धावत्या भेटी असा अर्थ लावला. त्यांना शंकाही आली नाही, कारण शब्द ओळखीचा वाटत होता. आणि अंदाजाने शिकण्याचा वेगही थोडा असतो. शाळकरी मुलांवरच्या वीस प्रयोगांचा १९९९ साली एकत्र आढावा घेतला गेला. त्यात वाचताना भेटलेल्या शंभर अनोळखी शब्दांपैकी साधारण पंधराच मुलांच्या पदरात पडतात असं दिसलं. भरपूर वाचणाऱ्याला पंधराही पुरतात. जो वाचतच नाही, त्याला काय?

म्हणून वाचन हवंच, पण सोपं हवं. फिजीत वॉरविक एली आणि फ्रान्सिस मांगुभाई यांनी खेड्यांतल्या शाळांत चौथी-पाचवीच्या वर्गांना प्रत्येकी अडीचशे चित्रमय, गोष्टींची इंग्रजी पुस्तकं दिली. इंग्रजी ही त्या मुलांची घरची भाषा नव्हती. १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार ही मुलं वाचनात नेहमीच्या दुप्पट वेगाने पुढे गेली. यातला कळीचा मुद्दा पुस्तकांच्या संख्येइतकाच पातळीचा आहे. आपल्याकडे सोपं पुस्तक हातात दिसलं की मोठ्यांना कमीपणा वाटतो. सातवीतलं मूल तिसरीच्या पातळीची गोष्ट वाचतंय म्हणजे मागे पडलंय, असा समज. पण जिथे पानावर चार-सहा शब्दच नवे आहेत, तिथेच ते चार-सहा शब्द पदरात पडतात. वर्गात खोलवर शिकवलेले मोजके शब्द आणि घरी वाचलेली ढीगभर सोपी पानं यांचा मेळ बसला पाहिजे. वर्गात भेटलेला 'रिमेन' गोष्टीत पाचव्यांदा दिसतो तेव्हा तो मुलाचा होतो.

हे सगळं मान्य असलेले शिक्षकही हताशपणे एकच विचारतात: अभ्यासक्रम पुरा कधी करायचा? प्रश्न खरा आहे आणि त्याचं मूळ परीक्षेत आहे. आकलनाच्या नावाखाली आपण काय विचारतो ते पाहा. 'द ग्लॉर्प झिबल्ड द फ्रेन निअर द मॉव्हेट.' या वाक्यातला कुठलाही नामशब्द इंग्रजीत नाही. आता प्रश्न: 'व्हेअर डिड द ग्लॉर्प झिबल द फ्रेन?' कुठलंही हुशार मूल लिहील, 'निअर द मॉव्हेट', आणि त्याला पूर्ण गुण मिळतील. उताऱ्याखालचे कितीतरी प्रश्न याच जातीचे असतात. शब्द जुळवला, वाक्य उचललं, उत्तर झालं. मुलाला काही कळलेलं नाही हे कुणाच्याच लक्षात येत नाही, आणि वर्षानुवर्षं असे गुण मिळवून ते अशा ठिकाणी पोचतं जिथे वाक्य उचलून चालत नाही.

प्रश्नपत्रिका बदलल्या तर तास बदलतील. शब्दाचा अर्थ विचारायचाच असेल तर तो नव्या वाक्यात, नव्या अर्थछटेत विचारावा. 'ऑल्दो'ने सुरू होणारं अर्धं वाक्य देऊन पुढचं मुलाला पुरं करू द्यावं. त्याला वळण कळलंय की नाही ते एका ओळीत दिसेल. इंग्रजी उतारा वाचून त्याचा आशय मुलाने स्वतःच्या भाषेत चार वाक्यांत लिहावा, असा एक प्रश्न प्रत्येक पत्रिकेत ठेवावा. यात उताऱ्यातलं वाक्य उचलता येत नाही, आणि जे कळलंय ते सांगायला इंग्रजी लेखन तोकडं पडल्यामुळे गुणही जात नाहीत. तपासायला वेळ लागेल, हे खरं. पण धड्याखालची चौकट निम्मी केली तर वर्षाचे कितीतरी तास मोकळे होतात, आणि त्यासाठी कुणाच्या आदेशाची वाट पाहायचीही गरज नाही.